शस्त्रसंधीची राखण



रेडिओवर बातमी लागते, अमुक देशात शस्त्रसंधी झाली. चार दिवसांनी दुसरी बातमी, शस्त्रसंधीचा भंग झाला. सरकार म्हणतं, बंडखोरांनी आधी गोळी झाडली. बंडखोर म्हणतात, सरकारनं. आपण ऐकतो आणि चुलीकडं वळतो. पण ज्या गावात ती गोळी सुटली, तिथल्या बाईला हा प्रश्न असा सोडून देता येत नाही. गोळी कुणी झाडली, किती घरं रिकामी झाली, आज रात्री परत जायचं की शाळेतच झोपायचं, हे तिला कळावं लागतं. आणि ते कळायचं तर कुणीतरी जाऊन, बघून, विचारून, लिहून ठेवावं लागतं.

हे काम कसं चालतं ते आज सांगणार आहोत. त्यासाठी फिलिपिन्स देशात जाऊ. तिथं परदेशी निरीक्षक यायच्या आधीच गावच्या माणसांनी हे काम हाती घेतलं होतं, आणि पुढं बायकांनी त्यात स्वतःची तुकडी उभी केली.

फिलिपिन्स म्हणजे समुद्रातल्या हजारो बेटांचा देश. त्याच्या दक्षिण टोकाला मिंदानाओ नावाचं मोठं बेट आहे. भात, मका, नारळ, केळी पिकवणारा मुलूख. नांगराला तिथं म्हैस जुंपतात. इथं तीन तऱ्हेचे लोक राहतात. मोरो म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथले मुसलमान, लुमाड म्हणजे आदिवासी, आणि उत्तरेच्या बेटांवरून सरकारनं आणून वसवलेले ख्रिस्ती शेतकरी. भांडणाचं मूळ आपल्या ओळखीचं आहे: जमीन. बाहेरून माणसं येत गेली, कागद त्यांच्या नावावर होत गेले, आणि मोरो व लुमाड आपल्याच मुलखात थोडे पडले. १९७० नंतर मोरोंनी हत्यार उचललं. या लढाईत सव्वा लाखाच्या आसपास माणसं गेली असं सांगतात.

मोरो इस्लामिक मुक्ती आघाडी ही त्यातली मोठी संघटना. आपण तिला नुसतं आघाडी म्हणू. सरकार आणि आघाडी यांच्यात १९९७ मध्ये शस्त्रसंधी झाली. २००० मध्ये त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांनी सरसकट युद्ध पुकारलं आणि ती मोडली. २००१ मध्ये पुन्हा बोलणी झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये, बकरी ईदच्या दिवशी, लष्करानं कोताबातो प्रांतातल्या पिकित भागावर पुन्हा चढाई केली. हजारो कुटुंबं तिसऱ्या-चौथ्यांदा घर सोडून पळाली. पळून आलेल्यांना तिकडं ‘बाकवित’ म्हणतात. पिकितच्या चर्चच्या आवारात मुसलमान बायका पोरांना घेऊन राहिल्या. त्याच वर्षी जून महिन्यात हे बाकवित हजारोंनी हमरस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. मागणी एकच, शस्त्रसंधी करा, आम्हाला घरी जाऊ द्या.

आता कुणी म्हणेल, कागदावर शस्त्रसंधी होती, देखरेखीला समितीही असेल. होती की. पण समितीत कोण? सरकारचे लोक आणि आघाडीचे लोक. एक अहवाल हे लिहिणार, एक ते. बांधावरून दोघे शेतकरी भांडले आणि पंचही तेच दोघे, अशातला प्रकार. ज्यांचं भात शेतात कुजलं, त्यांना कुणी विचारायचं?

म्हणून २००३ च्या सुरुवातीला मिंदानाओतल्या लोकसंघटनांनी एक जाळं विणलं. नाव ‘बांताय सीझफायर’. बांताय म्हणजे राखण. आपण जोंधळ्याची राखण करतो, तशी यांनी शस्त्रसंधीची राखण करायची ठरवली. मोरो, लुमाड आणि ख्रिस्ती, तिन्हींतले स्वयंसेवक घेतले. शेतकरी, मासेमारी करणारे, शिक्षिका, गावपुढारी. हत्यार नाही. हातात वही, आणि खिशात साधा मोबाइल. फिलिपिन्समध्ये त्या काळी मेसेज पाठवणं इतकं स्वस्त होतं की लोक बोलण्यापेक्षा मेसेजच जास्त करत, त्याचा इथं मोठा उपयोग झाला.

या वहीत काय लिहायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे.

दिवस, वेळ आणि नेमकी जागा. ‘परवा नदीपलीकडं गोळीबार झाला’ याला नोंद म्हणत नाहीत. कोणतं गाव, कोणती वस्ती, दिवस उगवायच्या आधी की नंतर, हे पाहिजे. त्यानंतर काय घडलं. शस्त्रसंधीच्या नियमांत भंग म्हणजे नुसती गोळी नव्हे. घर जाळणं, सामान्य माणसाला पकडून मारहाण करणं, अपहरण, तोफा डागणं हे तर भंगच. पण एकाएकी जास्तीची फौज आणून बसवणं, हत्यारं मिरवणं, हेही चिथावणी म्हणून नोंदायचं असतं. लढाई बहुतेक वेळा अशीच सुरू होते. एका बाजूनं माणसं वाढवली की दुसरी वाढवते.

मग सगळ्यात महत्त्वाचं: सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं? हे दोन रकाने वेगळे ठेवायचे. एकानं सांगितलं म्हणून लिहून मोकळं व्हायचं नाही, त्याच्याशी ज्याचं नातं वा वैर नाही अशा दुसऱ्याला विचारायचं. लष्कराच्या ठाण्यावर जायचं, आघाडीच्या कमांडरकडंही जायचं. आणि ‘कुणी आधी मारलं’ हे कळलं नाही तर कळलं नाही असंच लिहायचं. मोरो स्वयंसेवकाला आपल्या माणसाविरुद्ध लिहावं लागतं, ख्रिस्ती स्वयंसेवकाला आपल्या. आम्हाला विचाराल तर गोळीबारात जाण्यापेक्षा हे अवघड. आपल्या भावकीची चूक आपल्याच अक्षरात लिहून बघा, म्हणजे कळेल.

इतकी काटेकोर नोंद कशाला, याचं उत्तर तिथल्या ‘रिदो’त आहे. रिदो म्हणजे दोन घराण्यांचं वैर. जमीन, निवडणूक, पोरीची बदनामी, कशावरूनही पेटतं आणि पिढ्यान्‌पिढ्या सूड चालतो. अभ्यासकांनी १९३० च्या दशकापासून २००५ पर्यंतची अशी १२०० हून जास्त वैरं मोजली, त्यांत साडेपाच हजारांवर माणसं मेली. आता समजा, एका घरचा पोरगा लष्कराच्या गावरक्षक दलात आहे आणि दुसऱ्या घरचा आघाडीत. बांधावरच्या भांडणात गोळी सुटते. हा आपल्या ठाण्याला कळवतो, तो आपल्या कमांडरला. दोन्हीकडून कुमक येते आणि संध्याकाळपर्यंत दहा गावं रस्त्यावर. बातमीत येतं, शस्त्रसंधीचा भंग! तो भंग नसतोच, दोन घरांची मारामारी असते. सकाळीच कुणी विश्वासाच्या माणसानं दोन्हीकडं मेसेज टाकला की हा रिदो आहे, फौज हलवू नका, तर दुपारी मोठ्यांना बसवून तोड काढता येते. बांतायच्या कामाचा बराच भाग असा होता. खोटी बातमी वेळेत खोडायची.

ऑक्टोबर २००४ मध्ये मलेशियाच्या पुढाकारानं आंतरराष्ट्रीय देखरेख पथक आलं. मलेशिया, ब्रुनेई आणि लिबियाचे लोक, पुढं जपानही आला. गावचे डोळे आणि बाहेरच्यांचं वजन अशी जोडी जमली. आधी वर्षाला पाचशेच्या वर चकमकी नोंदल्या जात होत्या, पुढची दोन-तीन वर्षं त्या वीसच्या आत आल्या. हे श्रेय एकट्या देखरेखीचं म्हणता येणार नाही, बोलणीही नेटानं चालली होती. पण बोलणी चालू राहायला मधे शांतता लागते, ती या लोकांनी राखली.

आणि मग २००८. ऑगस्टमध्ये मोरोंच्या मुलखाबद्दलच्या करारावर सह्या व्हायच्या आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. आघाडीचे काही कमांडर चिडून गावांवर तुटून पडले, लष्करानं उलट मोहीम उघडली, लाखो माणसं पुन्हा बाकवित झाली. नोव्हेंबरअखेर देखरेख पथकाची मुदत संपली आणि परदेशी निरीक्षक निघून गेले. ते परतले २०१० मध्ये. मधल्या सव्वा वर्षात गावं तिथंच होती आणि वह्याही. स्वयंसेवकांनी काम सोडलं नाही.

या अनुभवावरून एक गोष्ट ध्यानात आली. आतापर्यंतचं मोजमाप दोन फौजांचं होतं: कोण हललं, कोणी झाडली. मधल्या माणसांचं काय? म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये सरकार आणि आघाडीनं वेगळा करार केला. सामान्य माणसांना, त्यांच्या घरांना, शाळांना, मशिदी-चर्चना, मदतीच्या सामानाला हात लावायचा नाही, आणि यावर नजर ठेवायला देखरेख पथकातच एक नागरी शाखा काढायची. तिच्यात स्थानिक संघटना आल्या आणि बिनहत्यारी शांतीचं काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्थाही आली. लढणाऱ्या दोन बाजूंनी मिळून असं काम बिगरसरकारी माणसांवर सोपवणं, हे जगात फारसं घडलेलं नाही.

याच वेळी, २०१० मध्ये, बांतायची फक्त बायकांची तुकडी उभी राहिली. मोरो, लुमाड, ख्रिस्ती, तिघीही. तिची गरज का पडली हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गणवेशातला पुरुष छावणीत येतो, विचारतो, ‘काही त्रास?’ बायका म्हणतात, ‘नाही.’ तीच बाई चुलीपाशी टेकून बसली की पाण्याची वाट विचारते, संडास किती लांब, रात्री तिकडं कोण उभं असतं, हे विचारते. पोरगी शाळेत का दिसत नाही, एवढ्या लवकर लग्न का उरकलं, हेही. बंदूक न वाजताही बाईची सुरक्षितता मोडलेली असते, आणि ते आधीच्या वह्यांत नीट येत नव्हतं.

इथं एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. लिहिलेला कागद कुणाच्याही हाती पडू शकतो. म्हणून या कामात सांगणारीचं नाव घटनेच्या नोंदीपासून वेगळं ठेवतात. तिची परवानगी घेतल्याशिवाय तिची हकिगत पुढं जात नाही. तिनं ‘लिहू नका’ म्हटलं तर नाही लिहायचं, मग घटना कितीही मोठी असो. अत्याचार झालेल्या बाईला चार जणांनी चारदा तेच विचारायचं नाही. एकदा, एकीनं, आणि त्याआधी तिला दवाखान्यात पोचवायचं. नोंद तिच्यासाठी असते, ती नोंदीसाठी नसते.

मार्च २०१४ मध्ये सरकार आणि आघाडीचा सर्वंकष करार झाला. सरकारच्या बाजूनं मुख्य वाटाघाटकार म्हणून सही केली मिरियम कोरोनेल-फेरर या बाईंनी. जगात एवढ्या मोठ्या शांतता करारावर मुख्य वाटाघाटकार म्हणून बाईची सही तोवर झाली नव्हती.

करार झाला म्हणून सगळं निवलं असं नाही. २५ जानेवारी २०१५ ला मामासापानो गावी पोलिसांचं खास दल एका अतिरेक्याला पकडायला पहाटे शिरलं. शस्त्रसंधीच्या समितीला त्यांनी आधी कळवलं नव्हतं. अंधारात आघाडीच्या लोकांशी गाठ पडली. ४४ पोलीस गेले, आघाडीचे माणसं गेली, गावकरीही गेले. देशभर संताप उसळला, पुन्हा युद्ध करा म्हणून ओरड झाली. पण त्या दिवशी समितीचे दोन्ही बाजूंचे लोक आणि देखरेख पथक स्वतः तिकडं गेले, गोळीबार थांबवण्याची खटपट त्यांनी केली, आणि ती लढाई त्या परिसराबाहेर पसरली नाही. २००० किंवा २००८ सारखं झालं नाही. चौकशीत पहिला प्रश्न निघाला तो हाच: आधी कळवलं का नाही?

२०१९ मध्ये लोकांनी मतदान करून बांगसामोरो हा स्वायत्त प्रदेश मान्य केला, आणि आघाडीचेच नेते तिथल्या कारभारात बसले. देखरेख पथक २०२२ मध्ये मिंदानाओ सोडून गेलं. लष्कर, पोलीस आणि आघाडीचे जुने लढवय्ये यांची मिळून केलेली पथकं आता काही भागांत पहाऱ्याला आहेत. मात्र घराघरांतल्या बंदुका सगळ्या जमा झालेल्या नाहीत आणि रिदो चालूच आहेत. अजूनही एखाद्या वस्तीतून बायका-पोरं गाठोडी घेऊन शेजारच्या गावच्या शाळेत येतात. तेव्हा गावातलं कुणीतरी त्यांची मोजदाद करतं: कुटुंबं किती, तान्ही किती, गरोदर किती, कुठल्या वस्तीतून आली आणि कशामुळं.