जॅक फिरविण्यास बॅटरीचें यंत्र कोणतें घ्यावें?

हळदीचे दिवस आले म्हणजे वारंगा फाट्यावर भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. नांदेड, हिंगोली व उमरखेड या तिन्ही बाजूंचे रस्ते येथें मिळतात. खिचडीसाठीं थांबणारे पुष्कळ. परंतु टायर बसल्यामुळें थांबावें लागणारेही थोडे नसतात. अशा वेळीं जॅकची दांडी फिरवून घामाघूम होण्यापेक्षां बॅटरीवरील यंत्रानें तें काम करावें, असें अनेक कास्तकार बंधूंस वाटूं लागलें आहे. तें यंत्र घेतांना काय पाहावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपला जॅक कोणत्या जातीचा तें पाहावें. भरल्या ट्रॉलीखालीं लावतात तो बहुधा तेलाचा बाटली जॅक होय. त्याची दांडी वरखालीं मारावयाची असते, फिरवावयाची नसते. तेव्हां फिरणाऱ्या यंत्राचा तेथें कांहीं उपयोग नाहीं. तेल सोडण्याचा स्क्रू तेवढा फिरतो, पण त्यास यंत्र लावणें म्हणजे सारा भार एकदम खालीं आणणें होय. तो स्क्रू हातानेंच व हळूहळू सोडावा. ज्यांजवळ तेलाचाच जॅक आहे त्यांनीं यंत्र घ्यावयाचें तर चाकाच्या नटांसाठीं घ्यावें, जॅकसाठीं नव्हे. जीप किंवा पिकअपबरोबर मिळणारा कैची जॅक आणि ट्रॉलीच्या दांडीखालचा आट्यांचा स्टँड हे मात्र यंत्रानें फिरवितां येतात.

आतां पिळाचा प्रश्न. पीळ न्यूटन-मीटर या मापांत सांगतात. एक मीटर लांब दांडीच्या टोंकास ५ किलो वजन टांगलें असतां जेवढा पीळ पडतो, तो सुमारें ५० न्यूटन-मीटर समजावा. कैची जॅक पुरता मिटलेला असतां त्याच्या स्क्रूवर सर्वांत अधिक ओढ असते. जॅक उभा होत जाईल तशी ती कमी होते. म्हणून यंत्राची कसोटी पहिल्या फेऱ्यांतच लागते. सामान्य १८ व्होल्टी ड्रिलचा पीळ ५०-६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हलक्या गाडीस तो पुरतो. परंतु स्क्रू अडला कीं ड्रिलच उलट फिरूं पाहतें आणि मनगट मुरगळतें. इम्पॅक्ट पान्याची रीत निराळी. त्याच्या आंत एक हातोडी असून ती फिरतां फिरतां ठोके देते. त्यामुळें पीळ मोठा मिळतो व हातास झटका थोडा बसतो. तथापि मोठा आंकडा पाहून भुलूं नये. ७०० न्यूटन-मीटरचें यंत्र ट्रॉलीच्या नटांस उत्तम, पण कैची जॅकचे आटे तें खाऊन टाकील. जॅकसाठीं १५० ते ३०० न्यूटन-मीटरचें, वेगाच्या दोन-तीन पायऱ्या असलेलें यंत्र आम्हांस अधिक पसंत आहे.

बॅटरीची चिंता मात्र लोक व्यर्थ करतात. १,००० किलो भार १५ सेंटिमीटर उचलण्याचें निव्वळ काम अर्ध्या वॉट-तासाहूनही कमी आहे. घर्षण वगैरे धरून तें दहापट मानलें तरी ५ वॉट-तासांच्या आंतच राहतें. आणि १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाच्या बॅटरींत ७२ वॉट-तासांचा सांठा असतो.

आमची सारी नोकरी सात-बारा लिहिण्यांत गेली. कागदावरचा आंकडा बांधावर जाऊन पडताळण्याची खोड अजून सुटलेली नाहीं. बाजारांत स्वस्त यंत्रांवर ४८, ८८, १२८ असे व्होल्टचे आंकडे छापलेले दिसतात. बॅटरींत ओळीनें जोडलेले लिथियमचे पांच घट असले तर, खोक्यावर कांहींही छापलेलें असो, ती १८ व्होल्टचीच. पूर्ण भरली असतां तिचें माप २० ते २१ भरतें. म्हणून १८ व २० व्होल्ट हीं एकाच बॅटरीचीं दोन नांवें समजावीं.

यंत्राबरोबर अर्ध्या इंची चौकोनी टोंकास बसणारा काळा इम्पॅक्ट सॉकेट घ्यावा; चकचकीत साधा सॉकेट ठोक्यांनीं तडकतो. जॅकच्या टोंकास षट्कोन नसून आंकडा अडकविण्याचें भोंक असल्यास त्यास जुळणारा जोड आधीं मिळवावा. आट्यांतील माती पुसून ग्रीस लावावें. पहिल्या व शेवटच्या चार फेऱ्या हातानें द्याव्या. यंत्र टोंकापर्यंत दामटल्यास आटे तुटतात.

आपल्या काळ्या मातींत जॅकखालीं जाड फळी हवीच, तसेच चाकांपुढें-मागें दगड. यंत्रानें गाडी झटपट वर जाते, म्हणून माणूसही झटपट खालीं शिरतो; यांतच प्राणाची भीति आहे. जॅक उचलण्यासाठीं असतो, तोलून धरण्यासाठीं नव्हे. गाडीखालीं मजबूत लांकडी ओंडके किंवा लोखंडी घोडे दिल्याविना कोणासही आंत जाऊं देऊं नये. नटही शेवटीं हातपान्यानेंच आवळावे.

उन्हाळ्यांत बॅटरी ट्रॅक्टरच्या तापल्या पत्र्यावर ठेवूं नये व गरम असतां चार्जिंगला लावूं नये. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्रास बसत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. खरेदीस जातांना जॅक गाडींत घालून न्यावा, आणि दुकानदारासमोर तो पुरता मिटवून, गाडीखालीं लावून, यंत्रानें पहिल्या फेऱ्या निघतात कीं नाहीं तें पाहूनच पैसे मोजावे.