स्पंज नळाखाली धुवायचा नाही

दिवाळीच्या तोंडावर माळा रिकामा होतो, पंखे पुसले जातात आणि मग हॉलमधल्या फिशटँककडे लक्ष जातं. मासे बादलीत सोडतात. वाळू आणि दगड मोरीत घासून निघतात, काचांना साबण लागतो, फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत पिळला जातो. टँक नव्यासारखा चमकतो आणि चार-पाच दिवसांत एकेक मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. पुण्यात घरोघरी जाऊन टँकची देखभाल करणाऱ्या एका गृहस्थांबरोबर मी काही काळ फिरले. दिवाळी संपली की त्यांना येणारे फोन बहुतेक याच तक्रारीचे असतात.

कोथरूडमधल्या एका घरी ते आले तेव्हा त्यांनी पिशवीही उघडली नाही. टँकसमोर बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. कल्ले किती वेगाने हलताहेत, पर मिटून अंगाला चिकटलेत का, कुणी कोपरा धरून बसलंय का, कुणी दगडाला अंग घासतंय का. “काकू, खाणं टाका जरा,” म्हणाले, आणि कोण धावत आलं, कोण नाही, तेही पाहिलं. मग काचेच्या छोट्या नळ्यांत पाणी घेऊन त्यात टेस्ट किटचे थेंब टाकले. अमोनियाच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. टँकमधलं पाणी मात्र काचेसारखं नितळ होतं. काकूंचा विश्वास बसेना. पाणी इतकं स्वच्छ दिसतंय, मग बिघडलंय काय?

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. मासे तो मुख्यतः कल्ल्यांतून सतत बाहेर टाकत असतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पसरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये वाळू-दगड वजा जाता पन्नासेक लिटरच पाणी मावतं. तिथे तो जाणार कुठे? त्याची विल्हेवाट जीवाणू लावतात. एका गटातले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही रसायनं माशांना घातक आहेत; नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइट संपवण्याचं काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ साली दाखवलं गेलं. २०१५ मध्ये तर त्यांच्यातले काही जीवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने पार पाडतात, हे उघड झालं. आपल्या हॉलमधल्या पेटीत इतकं नाजूक काम चालू असतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते पृष्ठभागाला धरून राहतात: वाळूच्या कणांवर, दगडांवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजवर, कारण तिथे प्राणवायू असलेलं पाणी अखंड वाहत असतं. स्पंजवरचा तपकिरी थर आपल्याला घाण वाटतो. टँक त्याच्या जिवावर चालतो. नळाच्या पाण्यात तर जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेलं असतं. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. माणसासाठी ते आवश्यक आहे, पण तेवढ्यानेही माशांचे कल्ले पोळतात आणि स्पंजवरचे जीवाणू मरतात.

म्हणून हे गृहस्थ सायफनची नळी वाळूत खुपसून तळातला गाळ बादलीत ओढतात आणि त्याच गढूळ पाण्यात स्पंज दोन-तीनदा दाबतात. पाण्याचा प्रवाह मोकळा झाला की पुरे. स्पंज तपकिरीच राहतो. काच आतून घासायला साधा स्क्रबर, साबण अजिबात नाही. नवं पाणी एका बादलीत घेऊन त्यात अँटीक्लोरीन टाकतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. मग हात बुडवून दोन्ही पाण्यांचं तापमान अजमावतात आणि पाणी सावकाश सोडतात. एका वेळी चौथा हिस्सा, फार तर तिसरा.

काकूंच्या टँकमध्ये जीवाणू जवळजवळ संपले होते. पुढचे काही आठवडे खाणं अगदी चिमूटभर, तेही एक दिवसाआड. पाणी रोज थोडं बदलायचं आणि किट वापरत राहायचं. पहिल्यांदा अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. या टप्प्यावर साधं मीठ कामाला येतं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. लिटरमागे एखादा ग्रॅमही बराच उपयोगी पडतो.

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरातला टँक मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. टँक जुना, मासे धडधाकट; पाणी बदलण्याऐवजी कित्येक महिने फक्त आटलेलं भरून काढलेलं. जीवाणूंच्या कामात पाण्यातला क्षार खर्ची पडतो, तो संपत आला की पीएच घसरतो. या टँकचा पीएच ६ च्या आसपास आला होता. इतक्या आम्लात जीवाणूही मंदावतात, त्यामुळे किटमध्ये अमोनिया भरपूर दिसला. तरी मासे ठीक होते, कारण आम्ल पाण्यात बहुतेक अमोनिया अमोनियम या जवळपास निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो वाटा पाच टक्क्यांवर जातो. आता अशा टँकमध्ये कुणी उत्साहाने अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, आणि सोसायटीच्या टाकीत उन्हाळ्यामुळे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी मिसळलेलं असलं, तर पीएच झपाट्याने चढतो आणि निरुपद्रवी असलेलं तेच अमोनियम विष होतं. लोक म्हणतात, ‘ताजं पाणी घातलं आणि मासे गेले.’ ते खरंच तसं घडतं. सिंहगड रस्त्यावरच्या टँकमध्ये या गृहस्थांनी फक्त दोन बादल्या बदलल्या आणि एक दिवसाआड तेवढंच करायला सांगितलं.

लांबून आलेल्या पिशव्यांतही हाच प्रकार होतो. चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणांहून निघालेले मासे कितीतरी तास बंद पिशवीत असतात. त्यांच्या श्वासाच्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्ल होतं, म्हणून साठलेला अमोनिया बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच वर जातो. तेव्हा अशा पिशव्या बंद ठेवूनच टँकवर तरंगवायच्या, तापमान जुळलं की उघडायच्या आणि वेळ न घालवता मासे जाळीने उचलून सोडायचे. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

थंडीत व्हाइट स्पॉटचे फोन सुरू होतात. पुण्यात रात्री पारा उतरतो, हीटर नसलेला टँक गारठतो, माशांची प्रतिकारशक्ती खालावते आणि अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे ठिपके उठतात. ठिपका म्हणजे त्वचेखाली बसलेला परजीवी. तिथे औषध पोचत नाही. तो पोसला की सुटून तळाशी जातो, कवच करून आत विभागत राहतो आणि एकाची शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवणं इथेच महागात पडतं. तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं तर परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि उपचार आटोपता येतो. पण पाणी तापलं की प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसात. म्हणून जोडीला एअर पंप जोरात हवाच. आणि मिथिलीन ब्लू मुख्य टँकमध्ये ओतू नये. त्याने फिल्टरमधले जीवाणूही जातात.

किट वापरण्याआधी औषधाची बाटली हातात घेणाऱ्या माणसाला ते थांबवतात, आणि मला त्यांचं पूर्ण पटतं. फिन रॉट असो की बुरशी, घरगुती टँकमधले कितीतरी आजार बिघडलेल्या पाण्याने दुबळ्या झालेल्या माशालाच गाठतात. पाणी तसंच ठेवून औषध घातलं तर मासा दोन्हींशी झगडतो.

टँक आणि मासे एकाच दिवशी विकणं दुकानांनी बंद करावं, असं मला मनापासून वाटतं. मुलाच्या वाढदिवसाला सकाळी टँक येतो, संध्याकाळी त्यात आठ-दहा गोल्डफिश असतात, आणि गोल्डफिश तर सगळ्यात जास्त घाण करणाऱ्या माशांपैकी आहे. टँक चालू करून, रोज किंचित खाणं टाकून तो चार-सहा आठवडे माशांविना ठेवला तर जीवाणू बसतात. इतकं थांबवत नसेल तर दुकानदाराकडे त्याच्या निरोगी, जुन्या, चालत्या टँकमधला मळका स्पंज मागावा. तो ओला ठेवून तासाभरात घरी आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवला की काम कितीतरी लवकर सुरू होतं. काही दुकानदार तो आनंदाने, फुकटही देतात.