साडेचार फुटांवरचे जंगल

सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात, वैराटगडाच्या परिसरात म्हसवे नावाचे गाव आहे. तिथल्या वडाचे माप १८८२ मध्ये ली-वॉर्नर या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या नावे नोंदले गेले. झाडाच्या पसाऱ्याचा परीघ १५८७ फूट, उत्तर-दक्षिण लांबी ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम रुंदी ४४२ फूट. ही नोंद पुढे जगभरच्या वनस्पतिग्रंथांत गेली. तिच्यात खोडाचा घेर मात्र नाही, कारण पारंब्यांचीच खोडे झाल्यावर मूळ बुंधा कोणता म्हणायचा? वड मोजायचा तो सावलीने. बाकीचे जंगल मात्र बुंध्यानेच मोजावे लागते.

हे मोजमाप घेण्याची जागा ठरलेली आहे. भारतात जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर टेप लावतात. जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी १.३० मीटरवर. माणूस सरळ उभा राहिला की एवढ्या उंचीवर त्याची छाती येते, म्हणून याला छातीच्या उंचीवरचा घेर म्हणतात. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो.

काम सोपे वाटते, पण सह्याद्रीच्या उतारावर प्रत्येक झाड नवा प्रश्न घालते. उतारावरच्या झाडाची उंची चढाच्या बाजूने धरायची. साडेचार फुटांच्या खालीच दुबेळके फुटले असेल तर ती दोन झाडे. वर फुटले असेल तर एक. नेमक्या त्या जागी गाठ असेल तर टेप गाठीच्या वर सरकवायचा आणि किती सरकवला ते लिहून ठेवायचे. खोडावर वेल चढली असेल तर टेप तिच्याखालून घालायचा. या बारकाव्यांना फार किंमत आहे. खोडाचे छेदक्षेत्र घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; १०० सेंटिमीटरचा घेर चुकून १०२ लिहिला तर क्षेत्रफळात चार टक्क्यांची चूक होते. एखादे झाड वर्षभरात जेमतेम तेवढेच वाढते. म्हणजे टेप सैल धरला की झाडाची वर्षाची वाढ आपणच कागदावर तयार करतो.

प्लॉट आखतानाही हीच सावधगिरी हवी. देशाच्या वनमोजणीत पूर्वी ०.१ हेक्टरचा चौरस प्लॉट घेत. त्याची बाजू ३१.६२ मीटर. हे अंतर सपाट धरायचे असते. तीस अंशांच्या उतारावर तेवढ्यासाठी जमिनीवर साडेछत्तीस मीटर दोरी सोडावी लागते. हा हिशेब विसरला तर प्लॉट लहान होतो आणि जंगल आहे त्याहून विरळ दिसते. आता डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाने पद्धत बदलली आहे. पाच किलोमीटरच्या जाळ्यात निवडलेल्या जागी आठ मीटर त्रिज्येची चार वर्तुळे आखून त्यांतली झाडे मोजली जातात. दहा सेंटिमीटर व्यासापासून, म्हणजे सुमारे साडेएकतीस सेंटिमीटर घेरापासून, झाड हिशेबात येते.

या शास्त्राचा आपल्याकडचा आरंभ लाकडासाठी झाला. वनाधिकारी डीट्रिख ब्रँडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनात आला आणि वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडे घेराचे वर्ग करून मोजू लागला. सहा फूट आणि त्यावरचा घेर हा पहिला वर्ग. किती तोडले तर जंगल टिकेल, हा त्याचा प्रश्न होता. लाकडाच्या व्यापारात घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे, ही रीत अजून चालते. या रीतीने खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच लाकूड हिशेबात येते. विकणारा शेतकरी असेल तर त्याने हे जरूर जाणून घ्यावे.

आज घेर मोजायचा तो वेगळ्या कारणासाठी. उपग्रहाच्या चित्रावरून वनाच्छादन ठरवताना एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून दाट छत्राची जमीन वनाच्छादनात धरतात. मग ती राई असो, आमराई असो की गिरिपुष्पाची लागवड. वरून सगळे हिरवेच दिसते. फरक दाखवतो तो टेप. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर पाहा. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरांवर उभे राहिलेले हे वन १९८५ मध्ये अभयारण्य झाले, क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. आणि सागरेश्वरच्या पश्चिमेला कोयना, चांदोली. माणसांनी वाढवलेले वन आणि सदाहरित जंगल यांची तुलना हिरव्या ठिपक्यांवरून करणे मला अन्यायाचे वाटते, दोघांवरही. सागरेश्वरचे मोठेपण तर त्याच्या वाढीच्या नोंदीतूनच सिद्ध होईल.

चांदोलीत झाडे मोजण्याचे काम झाले आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरलेल्या या उद्यानातल्या वृक्षवैविध्यावर ऋता कानडे, मेधा ताडवळकर, कुशालप्पा आणि अंकुर पटवर्धन यांचा शोधनिबंध २००८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही इथली झाडे नकाशावर एकाच रंगात बुडून जातात. मोजणीत प्रत्येकाला ओळ मिळते.

त्या ओळी घेरानुसार लावल्या की जंगलाची तब्येत कळते. चांगल्या नैसर्गिक जंगलात बारीक झाडे पुष्कळ, मध्यम कमी आणि जाड मोजकी असतात. बारीक झाडांची रांगच रिकामी असेल तर आजचे दाट छत्र कितीही देखणे असो, त्याला वारस नाहीत. साताऱ्याच्या डोंगरउतारांवर दर उन्हाळ्यात लागणारे वणवे नेमकी हीच रांग जाळतात. मोठी झाडे होरपळून तगतात, लोक म्हणतात जंगल वाचले. घेराची यादी पाहिली तर तसे म्हणता येत नाही.

एकदाच मोजून मात्र भागत नाही. तमिळनाडूतल्या मुदुमलाईत पन्नास हेक्टरांचा प्लॉट १९८८ मध्ये आखला गेला. एक सेंटिमीटर व्यासापासूनचे प्रत्येक झाड तिथे नोंदले गेले आणि पुन्हा पुन्हा मोजले गेले. दुष्काळात आणि आगीत कोणते झाड टिकते हे सांगणारी माहिती तिथून मिळाली. आपल्याकडे शहरांजवळ असे प्लॉट हवेत. साताऱ्याला अजिंक्यतारा आणि यवतेश्वर हाताशी आहेत, सांगली-मिरजेला दंडोबाचा डोंगर. दंडोबाजवळच्या भोसे गावचा जुना वड वाचवण्यासाठी २०२० मध्ये महामार्गाची आखणी बदलली गेली. एका झाडासाठी एवढे करणारा समाज चार गुंठे जंगलाची वही नक्की ठेवू शकेल.

सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना म्हणून विनंती आहे. वनविभागाची परवानगी घेऊन एक प्लॉट आखा. झाडांना क्रमांक द्या आणि टेप लावला त्या जागी रंगाची रेघ ओढा. पावसाळ्यात खोड पाणी धरून फुगते, तेव्हा मोजणी दर वेळी एकाच महिन्यात करा. आणि ती वही विद्यार्थ्यांबरोबर घरी जाऊ देऊ नका, ग्रंथालयात ठेवा.