ताणा ओढीच्या बाजूला

सकाळी 7. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या थ्री-डी प्रिंटिंगच्या वर्कशॉपचं शटर वर केलं की मी आधी ड्रायरकडे जातो. कार्बन फायबर मिसळलेल्या नायलॉनचं रीळ रात्रभर 80 अंशांवर सुकत असतं. नायलॉन हवेतली ओल पटकन ओढतं. ओलं नायलॉन 280 अंशांच्या नोझलमधून आलं की तडतडतं, वाफेचे बुडबुडे धरतं आणि भाग कमजोर निघतो. म्हणून थोडं मटेरियल हवेत सोडून कान देतो. तडतड नसली तरच काम सुरू.

सकाळी 8. नोझल तपासतो. हे फायबर पितळी नोझलचं भोक घासून मोठं करतं; इथे कडक पोलादाचंच लागतं.

सकाळी 10. टॉवेलच्या कारखान्यातले जॉबर अण्णा फडक्यात गुंडाळून एक लीव्हर घेऊन आले. जुन्या रेपियर मागाचा, दोन तुकडे झालेला. हा सुटा भाग आता बाजारात मिळत नाही.

"कुठनं तुटला, अण्णा?"

"मुळातनंच. झटका तिथंच बसतोय. माग बंद हाय ओ, उद्यापर्यंत देता का?"

मी त्यांना सांगितलं, यातलं फायबर बारीक तुकड्यांचं असतं आणि नोझल ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेला ते बरंचसं आडवं होतं. त्या दिशेनं भाग दणकट. पण थरावर थर चढतो तिथे दोन थरांना जोडणारं फायबर नसतं, नुसतं नायलॉन. अण्णांनी तुटका तुकडा उलटसुलट केला आणि म्हणाले, "म्हणजे ताणा ओढीच्या बाजूला पाहिजे." आयुष्य मागावर गेलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. सोलापुरात हे काम करण्याचं मोठं सुख हेच आहे.

दुपारी 12. व्हर्निअरनं मापं घेऊन ड्रॉइंग. लीव्हर आडवा झोपवून छापायचा, म्हणजे झटका थरांच्या पातळीतच बसेल. तुटला होता त्या कोपऱ्याला जास्त गोलाई दिली. आतली जाळी दाट करण्यापेक्षा बाहेरच्या भिंती वाढवल्या. भिंती कडेनं लांबवर धावतात, तेव्हा फायबरही लीव्हरच्या लांबीनं जातं. बाजूला निघालेली खुंटी मात्र छापली नाही. ती उभ्या थरांची झाली असती आणि पहिल्या तासातच उडाली असती. तिथे पोलादी पिन बसवणार.

दुपारी 3. दुसऱ्या एका भागाला पॉलिश. मास्क, हातमोजे आणि पाण्याखाली घासणं. फायबरची कुसळं कातडीत शिरतात. धूळ वीजवाहक असल्यानं मागाच्या पॅनेलपाशी तर अजिबात घासायचं नाही.

संध्याकाळी 5. इंजिनिअरिंगची दोन मुलं आली. स्कॉट क्रंप यांनी शोधलेल्या या छपाईच्या पद्धतीचं मूळ पेटंट 2009 मध्ये संपलं आणि स्वस्त यंत्रं आली, म्हणून माझ्यासारख्याला हा धंदा करता येतो, हे त्यांना सांगितलं. मार्कफोर्ज्ड कंपनीनं 2014 मध्ये दाखवलेल्या यंत्रात फायबरचा अखंड धागाच भागात घातला जातो. ताकदीत तुकड्यांचं फायबर त्याच्या जवळपासही येत नाही, आणि गिऱ्हाइकाला हे आधीच सांगणं मी कर्तव्य मानतो.

रात्री 8. दोन लीव्हर छपाईला लावले. पहिला थर प्लेटला नीट चिकटेपर्यंत मी जागचा हलत नाही. सकाळी पिन बसवून एक अण्णांच्या मागावर चढेल, दुसरा शिकंज्यात धरून तोडून बघायचा.