बंद यंत्रात उरलेली वीज

घरातील बिघडलेले यंत्र स्वतः उघडून दुरुस्त करण्याची हौस पुष्कळांस असते. भिंतीवरील सॉकेटमधून प्लग काढला की आता यंत्रात वीज उरली नाही, असे ते मानतात. ही समजूत नेहमीच खरी नसते. आणि ती खोटी ठरण्याचा संभव यंत्र नादुरुस्त असतानाच अधिक असतो. असे का होते, ते संगणकाच्या पॉवर सप्लायचे उदाहरण घेऊन पाहू.

आपल्या घरी येणारा विद्युत्‌प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणारा असतो. त्याचा दाब २३० व्होल्ट सांगितला जातो. परंतु प्रत्येक आवर्तनात तो क्षणभर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. पॉवर सप्लायमधील डायोड या प्रवाहास एकाच दिशेने वाहावयास लावतात, आणि त्यातील चढउतार कमी करण्यासाठी पुढे धारित्र जोडलेले असते. यासच कारागीर कंडेन्सर म्हणतात. छपरावरील टाकी जसे पाणी साठविते, तसे धारित्र विद्युत् भार साठविते. नळ बंद केला म्हणून टाकी रिकामी होत नाही; धारित्राचेही तसेच आहे.

धारित्राचा हा गुण जुन्या काळापासून ज्ञात आहे. १७४६ साली हॉलंडमधील लायडन येथे पीटर फान म्यूसेनब्रूक यांच्या प्रयोगात, काचेच्या पाणी भरलेल्या पात्रात साठलेल्या विजेचा जबर धक्का बसला होता. ते पात्र म्हणजे एक धारित्रच होय.

३२५ व्होल्ट दाबाने भरलेल्या १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात सुमारे ५ जूल ऊर्जा असते. अर्धा किलोग्रॅम वजन एक मीटर उचलण्यास एवढीच ऊर्जा लागते; परंतु येथे ती निमिषार्धात मोकळी होते. हा प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून गेला, तर जिवास धोका उत्पन्न होऊ शकतो.

यंत्र चांगले असेल, तर प्लग काढल्यावर पुढील मंडल ही साठलेली वीज वापरून टाकते. बिघाड त्या मंडलातच असेल, तर तिचा उपयोग करणारे कोणीच उरत नाही. वीज हळूहळू झिरपून जावी म्हणून काही यंत्रांत धारित्रास समांतर रोधक जोडलेला असतो. परंतु तोही तुटलेला असू शकतो. म्हणून त्यावर विसंबू नये.

यास्तव पुढील क्रम पाळावा. प्रथम प्लग सॉकेटमधून पूर्णपणे काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. नंतर मल्टिमीटर एखाद्या चांगल्या सेलवर तपासून घ्यावा, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवितो. मग एकदिश प्रवाहाची ६०० व्होल्ट किंवा त्याहून मोठी श्रेणी निवडून धारित्राच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. दाब आढळल्यास १० किलोओहम, १० वॉटचा रोधक, त्याची टोके व तारा विसंवाहक नळीने झाकून, त्या दोन टोकांस दहा सेकंद जोडून धरावा. आपल्या उदाहरणातील धारित्र पाच सेकंदांतच दोन-तीन व्होल्टपर्यंत उतरते. शक्यतो एकाच हाताने काम करावे.

पेचकसाने दोन्ही टोके एकदम जोडण्याची रीत सर्रास आढळते, ती टाळावी. त्यामुळे मोठी ठिणगी उडते, धातू वितळून डोळ्यांत जाऊ शकतो व धारित्रही खराब होते.

रिकाम्या केलेल्या धारित्रात थोडा दाब आपोआप परत येतो, कारण आतील विसंवाहक थरात काही भार मुरलेला असतो. म्हणून काही मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि मगच आत हात घालावा.

मायक्रोवेव्ह भट्टीतील धारित्रावर दोन हजार व्होल्टहून अधिक, तर जुन्या रंगीत दूरचित्रवाणी संचाच्या चित्रनलिकेवर वीस हजारांहून अधिक व्होल्ट दाब असतो. तेथे वर सांगितलेला रोधक निरुपयोगी आहे. ही यंत्रे हौशी माणसाने उघडूच नयेत.

दुरुस्तीचे कौशल्य सरावाने येते. परंतु मोजल्यावाचून हात न लावण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी अंगी बाणवावी लागते.