कातडीच्या गाठीवर 'लाईट देतात' म्हणजे नेमकं काय करतात?



कातडीच्या कॅन्सरवर उजेडाचा उपचार असतो, त्यात आग होते, हे आपल्यापैकी काहींच्या कानावर आलं आहे. मग गावाकडे तापल्या लोखंडाने डाग देतात किंवा मसाला चुना लावतात ते पण तेच ना, असा प्रश्न येतो. नाही, तेच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

डॉक्टर आधी गाठीवर एक मलम लावून सुमारे ३ तास झाकून ठेवतात. ह्या मलमापासून गाठीच्या पेशींत एक रसायन तयार होतं. आजूबाजूच्या चांगल्या कातडीत ते कमी बनतं. मग त्यावर लाल दिवा धरतात, साधारण ६३० नॅनोमीटरचा उजेड. दिवा बहुतेक एलईडीचाच असतो. एलईडी म्हटलं की आपल्याला २०१७ मध्ये बंद केलेली दिव्याची मासेमारी आठवते, पण इथे त्याचं काम वेगळं आहे. उजेड पडला की ते रसायन जागं होतं, पेशीतल्या ऑक्सिजनला तिखट बनवतं आणि तोच ऑक्सिजन पेशी मारतो. म्हणजे मारणारी गोष्ट उष्णता नाही. उजेड नुसता पडला आणि मलम नसलं तर गाठीला काही होत नाही.

तरी आग का होते? मुख्य म्हणजे ह्या मारामारीत नसा चाळवतात. पहिल्या काही मिनिटांतच चांगलं झोंबतं. दुसरं, दिवा फार जोरात असला तर कातडी खरोखर तापते. माशाचं मांस तव्यावर पांढरं पडतं ते आपण रोज बघतो. माणसाच्या पेशीलाही ४२-४३ अंशाच्या पुढे बराच वेळ ठेवलं तर इजा सुरू होते, आणि ६० च्या आसपास ती लगेच शिजते. म्हणून दिव्याचा जोर मोजून ठेवतात, पंखा लावतात, पाणी फवारतात, मधे थांबतात. सहन होत नसेल तर तसं सांगा, पण उठून घरी येऊ नका. अर्धवट उपचाराने गाठ परत येऊ शकते.

आता आपल्याकडे बर्फाला तोटा नाही, म्हणून कोणी मलम लावल्यावर घरून बर्फ ठेवून जाईल. तसं करू नका. गार कातडीत ते रसायन कमी बनतं, रक्त कमी फिरतं आणि ऑक्सिजनही कमी पडतो. किती गार करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

उष्णता वेगळी काढायची ही अक्कल जुनी आहे. फॅरो बेटांवर, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्या मुलखात जन्मलेल्या नील्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर उजेडाचा उपचार काढला. भिंगातून पाणी फिरवून ते दिव्याची उष्णता अडवत. त्यांना १९०३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत टापायनर आणि येसिओनेक यांनी कातडीच्या गाठींवर रंग लावून उजेड दिला.

उलट, मुद्दाम उष्णतेनेच गाठ मारायचा प्रकारही आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या आणि खारघरच्या टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक केंद्रातल्या संशोधकांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरले. लेझरने कण तापतात आणि गाठ जळते. २०१५ मध्ये छापलेलं ते काम उंदरांवरचं आहे. कोणी ह्या नावाने पैसे मागितले तर सावध राहा.

डाग दिल्याने वरची कातडी जळते, खालची गाठ तशीच राहते, आणि व्रणामुळे पुढे डॉक्टरलाही ती ओळखणं कठीण जातं. लाल दिव्याचा उपचारसुद्धा पातळ, वरवरच्या गाठींनाच चालतो. काळ्या, खोल गाठींना कापूनच काढावं लागतं.

आपल्या वर्णाला हा आजार गोऱ्यांपेक्षा कमी होतो, हे खरं. पण खालच्या ओठावर, नाकावर, कानावर ४ आठवड्यांत न भरणारी जखम, जुन्या भाजल्याच्या व्रणावर नवीन फोड, तळपायावर वाढणारा काळा डाग, हे दिसलं तर डिंडोलीहून स्मिमेर किंवा न्यू सिव्हिलच्या चामडी विभागात दाखवून या.

बोटमालकांना एक विनंती. असा उपचार झालेल्या खलाशाला पुढचे ४८ तास तरी तो भाग झाकून सावलीत ठेवायचा असतो, कारण कातडीत ते रसायन उरलेलं असतं. पाण्यावरून परतणारं ऊनही त्याला चालत नाही. ते २ दिवस त्याला नावेवर बोलावू नका.