आरपार दिसणारी गिटार

अँपेग कंपनीची डॅन आर्मस्ट्राँग सी-थ्रू. 1969 ते 1971, जेमतेम दोन-तीन वर्षं ही गिटार बनली आणि बंद झाली. बॉडी लाकडाची नाहीच, सबंध पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची! त्यामुळे वजन भरपूर, पण सस्टेनही (स्वर टिकून राहणंही) दमदार. कीथ रिचर्ड्सने 1969च्या अमेरिका दौऱ्यात हीच वाजवली, पुढे ब्लॅक फ्लॅग बँडच्या ग्रेग गिननेही.

मला मात्र तिचे पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारे भाग, सर्वांत जास्त आवडतात. बॉडीच्या पाठीमागचा स्क्रू बोटांनी सैल करायचा, पिकअप ओढून काढायचा आणि दुसरा सरकवायचा. सोल्डरिंगची गरजच नाही! हे पिकअप पिकअप-रचनाकार बिल लॉरेन्सच्या मदतीने तयार झाले होते. मानेवर 24 फ्रेट आहेत आणि शेवटच्या फ्रेटपर्यंत हात आरामात पोहोचतो.

जुनी गिटार घ्यायची असेल तर आधी बॉडीला तडे आहेत का ते उजेडात धरून पाहा. बारीक ओरखडे पॉलिशने जातात, तडे जात नाहीत. मग मूळ पिकअप मागा. सुटे निघत असल्यामुळे ते सहज हरवतात, म्हणून जादा मूळ पिकअपसह मिळालेल्या गिटारला संग्राहक चांगली किंमत मोजतात. नंतर पुनर्निर्मित आवृत्त्याही निघाल्या, तेव्हा गिटार नेमकी कोणत्या काळातली आहे, याची खात्री करूनच पैसे द्या.